बंद की मंद

लोडशेडिंगमुळे ज्यांचा संसार टिकला असं एकच जोडपं माझ्या पाहण्यात आहे. आमचे मामा आणि मामी. भांडण ऐन रंगात आलेलं असायचं, मामीनं मामांच्या सात पिढ्यांपैकी निम्म्यांचा उद्धार केलेला असायचा आणि नेमकी लाइट जायची. मग मामी कितीही ओरडली तरी उपयोग नसे. मामांना बोलणं ऐकू येत नव्हतं, ते दिसायचं. ओठ दिसले तर शब्द कळायचे, ओठ अंधारात गेले की भांडणही अंधारात गेलं. लाइट येईपर्यंत मामीचा राग निवलेला असे, आणि मामांना बसल्या जागी डुलकी लागलेली असे.

हे माझे सख्खे मामा नव्हेत. अकोल्याहून अकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची मिल आहे आणि मिलला पाठ लावून कामगारांच्या चाळी. तिथे ते आमचे भिंतीला भिंत लावून शेजारी. अख्खी चाळ त्यांना मामा म्हणते. माझे बाबा आणि मामा साचाखात्यात शेजारशेजारच्या साच्यांवर होते. पुस्तकात माग असतो, मिलमध्ये त्याला साचा म्हणतात. चालू साचाखात्यात जो कधी गेला नाही त्याला तिथला आवाज सांगून कळणार नाही. ओळीच्या ओळी धडधडत असतात, सूत ओढून नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असतो, आणि या टोकाला स्वतः ब्रह्मदेव येऊन ओरडला तरी त्या टोकाला काही कळत नाही. म्हणून साचेवाले ओरडण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. आवाज घशातच ठेवायचा, नुसते ओठ हलवायचे आणि राहिलेलं हातानं सांगायचं. मिशीवरून बोट फिरवलं की खात्याचा मास्तर येतोय. कानाची पाळी ओढली की युनियनवाले आलेत. दोन्ही एकदम केलं की पळा.

बाकीचे लोक पाळी संपली की ही भाषा गेटवर ठेवून घरी यायचे. मामा ती घरी घेऊन यायचे. त्यांचा स्वतःचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. साधं बोलणं मोठ्यानं, महत्त्वाचं बोलणं बिनआवाजी. "चहा टाक वं!" ही आरोळी चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. पण धाकट्या बहिणीचं लग्न मोडलं, गावी आई आजारी आहे, असलं काही सांगायचं झालं की आवाज बंद आणि फक्त ओठ. कारण सरळ होतं. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी त्यांना साच्यावर उभं राहून सांगितल्या गेल्या होत्या. माझ्या बाबांनी माझ्या जन्माची बातमी त्यांना तशीच सांगितली होती. महत्त्वाची गोष्ट कानानं ऐकायची असते हे त्यांना माहीतच नव्हतं.

बहिरं म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. "मले सारं ऐकू येते," ते म्हणायचे, "तुमचाच आवाज बसला, त्याले मी काय करू? काहाडे घ्या."

यावर मामीचं एक ठरलेलं उत्तर असे. "याईचे कान मिलनं नेले. आता मांगाले जाचं त कोनाकडे?"

एकदा मात्र या नियमानं घोटाळा केला. तेव्हा मिल चालू होती आणि कशावरून तरी संप होऊ घातला होता. गेट मीटिंग भरली. सूतखात्याचे बोलले, रंगखात्याचे बोलले. मग कोणी तरी म्हणालं, साचाखात्यातून मामांना बोलू द्या, जुना माणूस आहे. मामा उठले, माईकपुढे उभे राहिले आणि विषय महत्त्वाचा असल्यामुळे बिनआवाजी बोलू लागले. पुष्कळ बोलले. हातवारे केले, मुठी वळल्या, एकदा तर डोळ्यांतून पाणी काढलं. साचाखात्यातले लोक टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. बाकीची खाती माईकवाल्याला शिव्या घालत होती. माईकवाला बिचारा वायर उपटून पुन्हा खोचत होता. गेटच्या आत खुर्ची टाकून बसलेल्या मॅनेजरनं शेजारच्याला विचारलं, "काय म्हणतोय हा?" शेजारचा म्हणाला, "साहेब, काहीच म्हणत नाहीये." मॅनेजरनं वर कळवलं की कामगारांची काही मागणी दिसत नाही. संप बारगळला. बाबा अजून शपथेवर सांगतात की त्या मिलच्या इतिहासात इतकं चांगलं भाषण झालेलं नाही.

दुसरा घोटाळा मात्र त्यांच्या नियमाचा नव्हता, तो आपल्या मराठी बाराखडीचा होता. प, ब आणि म ही तिन्ही अक्षरं ओठांवर अगदी सारखी दिसतात. खोटं वाटत असेल तर आरशासमोर उभं राहून आवाज न करता पाप, बाप आणि माप म्हणून पाहावं. साचाखात्यात त्यानं काही अडत नसे. तिथे बोलण्याचे विषय चार, त्यामुळे बाप कुठला आणि माप कुठलं हे कोणालाही कळे. चाळीत विषय जास्त असतात. कुणाचंही पोर "बाबा" म्हणून धावत आलं की मामा "हो बाप्पा, काय पाह्यजे?" म्हणून पुढे होत. त्यांना मूलबाळ नव्हतं. पण चाळीतलं प्रत्येक पोरगं आपल्यालाच हाक मारतं असं त्यांना वाटे, आणि मामा आणि बाबा या दोन हाकांत फरक असतो हे त्यांना सांगायला कोणी गेलं नाही. मीही गेले नाही.

या बाराखडीवरच माझं लग्न झालं आहे. मला पाहायला पुण्याची मंडळी आली होती. पुण्याची म्हणजे मूळची आमच्या अकोटचीच, पण पुण्यात फ्लॅट घेतल्यापासून त्यांचं "मले"चं "मला" झालं होतं आणि कोणी "का"ऐवजी "काहून" म्हटलं की ती माणसं दचकत. आईनं मामांना मुद्दाम समोरच्या खाटेवर बसवलं होतं. कामगिरी अशी की पाहुणे आपसात काय कुजबुजतात ते ओठांवरून टिपायचं आणि नंतर आत येऊन सांगायचं. आलूपोहे झाले, चहा झाला. माझ्या होणाऱ्या सासूबाई त्यांच्या बहिणीकडे वाकल्या आणि तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "मुलगी बरी आहे."

मामांना नंतरपर्यंत धीर निघाला नाही. खाटेवरून उठून त्यांनी आरोळीच ठोकली, "परी! पोरगी परी हाय म्हने!"

दारात, खिडकीत, गॅलरीत जमलेल्या समस्त चाळीनं टाळ्या वाजवल्या. कोणी तरी पेढे आणायला धावलंसुद्धा. आता सासूबाईंपुढे दोनच वाटा होत्या. हसून मान डोलवायची, किंवा भरल्या चाळीत उभं राहून सांगायचं की मी परी म्हटलं नाही, बरी म्हटलं. पुण्यात राहून माणूस पुष्कळ काही बोलायला शिकतो, पण यजमानांचे आलूपोहे तोंडात असताना हे त्यांनाही जमलं नाही. त्या परीच्या भांडवलावर मी आजतागायत संसार करते आहे. नवऱ्याची बदली अमरावतीला झाली, मीही तिथल्याच एका शाळेत शिकवते. भांडण झालं की नवरा म्हणतो, "मूळ पाठ 'बरी' असा आहे, विसरू नकोस."

मामांना आवडणाऱ्या गोष्टी थोड्या होत्या आणि सगळ्या आवाजाच्या होत्या. भीमजयंतीची मिरवणूक असो की गणपतीचं विसर्जन, डीजेच्या भिंतीला लागून चालणारा म्हातारा माणूस दिसला तर तो आमच्या चाळीतला समजावा. लोक कानात बोळे घालून लांब पळायचे. मामा तिथेच ओळखीचे साचेवाले गाठायचे आणि मनमुराद गप्पा मारायचे. एरवी सगळं जग ऐकतं आणि ते ऐकत नाहीत. डीजेसमोर सगळं जग बहिरं आणि तेच तेवढे बोलणारे. मिरवणूक पुढे गेली, आवाज उतरला की त्यांचा चेहराही उतरायचा.

मग ती साथ आली आणि मिल बंद झाली. सगळंच बंद झालं होतं, त्यामुळे पहिल्यांदा कोणाला विशेष काही वाटलं नाही. बाकीचं सगळं उघडलं. दारूची दुकानं उघडली, मंगल कार्यालयं उघडली, मिल तेवढी राहून गेली. भोंगा वाजेना. भोंगा गेल्यामुळे चाळीला सकाळ कधी झाली ते कळेना. मामांना भोंगा कधीच ऐकू येत नसे, पण पाठीखालची फरशी किंचित थरथरते तेवढ्यावरून ते उठायचे. आता ती थरथरेना आणि त्याच सुमारास लोकांनी तोंडाला मास्क बांधले.

मामा खऱ्या अर्थानं बहिरे झाले ते तेव्हा. सगळ्या चाळीचे ओठ एका दिवसात गेले. लोक मास्कच्या आतून ओरडायचे आणि मामा त्यांच्या कपाळाकडे पाहत राहायचे. हळूहळू त्यांनी बाहेर येणंच सोडलं. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. ज्या माणसाला अख्ख्या चाळीच्या भानगडी माहीत असायच्या त्याला शेजारी कोण वारलं हेही दोन दिवसांनी कळलं. मला फोनवर आई हे सांगायची आणि मला फार वाईट वाटायचं.

मामीनं साडीवरची प्लॅस्टिकची पिशवी कापून मास्कला बरोबर तोंडावर खिडकी शिवली. ओठ दिसावेत म्हणून. दोन वाक्यं बोललं की ती खिडकी वाफेनं धुरकट व्हायची. मग मामी आतून बोटानं पुसायची आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून. भांडायला फार वेळ लागायचा, त्यामुळे त्या काळात ती दोघं भांडली नाहीत. पण एक मामी कुठे कुठे पुरणार? मामांना माणसं हवी होती आणि माणसं त्यांना फक्त साच्यावर भेटायची. मास्क उतरले तरी ते पुरतं भरून आलं नाही, कारण आता लोकांना त्यांच्याकडे तोंड करून बोलायचा कंटाळा यायला लागला होता. माझे बाबासुद्धा त्यांच्या कानात ओरडायचे. खात्यात ज्याच्याशी आयुष्यभर एक शब्द न उच्चारता बोलले, त्याच्या कानात.

"मले एक डाव साच्यावर उभं राहू द्या," मामा म्हणायचे, "मंग पाहा." दुसरं काही त्यांचं मागणं नव्हतं.

आमच्या भागात मिल चालू होणार ही बातमी निवडणुकीबरोबर येते आणि निवडणुकीबरोबर जाते, हे आम्हाला पाठ आहे. या खेपेला मात्र बातमी बरीच टिकली. गेटला रंग लागला. आतलं गवत काढलं. मंत्रीसाहेब स्वतः येऊन बटण दाबणार असं ठरलं. आणि एक नवीनच गोष्ट झाली. जुन्या कामगारांची डॉक्टरी तपासणी होणार, जे पास होतील त्यांनाच पहिल्या पाळीला घेणार. डोळे, छाती, ब्लडप्रेशर. आणि कान.

चाळीवर सुतक उतरलं. एका मामांसाठी नव्हे, साचाखात्यातल्या कोणाचेच कान धड नव्हते. पण बाकीच्यांचे थोडे गेले होते, मामांचे पूर्ण. मामी माझ्या आईपाशी येऊन रडली. "आता याईले घरी बसवलं त ते भिंतीसंगच बोलतीन," म्हणाली. मी सुट्टीत माहेरी आले होते. सगळ्यांनी मिळून एक बेत रचला आणि शिकलेली म्हणून त्यात मलाही ओढलं.

बेत साधा होता. तपासणीच्या खोलीत पुढचा नंबर म्हणून, त्यातल्या त्यात कान शाबूत असलेले बाबा डॉक्टरांच्या मागच्या बाकावर बसणार. डॉक्टर जे बोलतील ते बाबा ऐकून बिनआवाजी मामांना सांगणार. मामा डॉक्टरांच्या खांद्यावरून बाबांचे ओठ पाहणार आणि उत्तर देणार. मी मामांबरोबर आलेली भाची. माझं काम इतकंच की मामांची नजर भलतीकडे का जाते असं विचारलं तर डोळ्यांचं काही तरी सांगायचं.

डॉक्टर तरुण बाई होत्या, अमरावतीहून आलेल्या, तोंडाला मास्क. त्यांनी विचारलं, "मामा, घरी कोण कोण असतं?" बाबांचे ओठ हलले. मामा खणखणीत आवाजात म्हणाले, "मी अन् बुढी." कधीपासून मिलमध्ये, विडी ओढता का, झोप येते का, सगळ्याची उत्तरं बिनचूक. मी मनातल्या मनात नारळ फोडायला घेतला होता. तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "आता मी तुमच्या मागे उभी राहून हळूच एक एक शब्द म्हणते. ऐकू येईल तो मोठ्यानं म्हणायचा." आणि त्या मामांच्या मागे जाऊन पुटपुटल्या, "पाठ."

बाबांनी ओठ हलवले. मामांनी सांगितलं, "माठ!"

"मीठ."

"पीठ!"

"बोर."

"मोर!"

डॉक्टर थांबल्या. त्यांनी पुढचे शब्द मुद्दाम निवडले असावेत. "मका," त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, "पका." मग क्षणभर विचार करून स्वतःच दुरुस्त केलं, "बका! बका म्हनता ना तुमी? आमच्या सूतखात्यात होता एक."

डॉक्टरांनी हळूच मान वर केली आणि मामांच्या डोक्यावरून बाकावर बसलेल्या माझ्या बाबांकडे पाहिलं. बाबांचं तोंड अजून "मका"वरच होतं. ते त्यांनी मिटलं. मग डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली, मामांच्या समोर बसल्या, मास्क खाली केला आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारलं. मला ते कळलं नाही. मामांना कळलं.

"नाई बाई," मामा म्हणाले, "एकही शब्द ऐकू येत नाई." आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं त्यांनी. मग म्हणाले, "पन साच्यावर कोनाले येते? तथी ऐकू येनारा मानूस काय कामाचा?"

डॉक्टरबाई हसल्या. त्यांनी मामांना पास केलं. बाहेर पडताना मी त्यांचे आभार मानले तर त्या मास्क वर करत म्हणाल्या, "माझे नका मानू. कोणालाच नापास करू नका, असं आम्हाला वरूनच सांगितलंय. त्या दिवशी तिथे माणसं दिसायला हवीत." आम्ही इतके खुशीत होतो की या वाक्याचा अर्थ लावायला कोणी थांबलं नाही. मामी तर त्याच पावली मारुतीला गेली.

उद्घाटनाच्या दिवशी आम्हा घरच्यांनाही आत सोडलं. साचाखात्याच्या भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या होत्या. पहिली ओळ तेलपाणी करून सज्ज होती, मागच्या ओळींवर नवा कोरा कपडा अंथरला होता. बाहेर ट्रकवर जनरेटर. मामा इस्त्रीची खाकी घालून आपल्या साच्यापाशी उभे होते, शेजारी बाबा. साहेब आले, हार झाले, बटण दाबलं.

तो आवाज मी लहानपणी भिंतीपलीकडून ऐकला होता. भिंतीच्या आत तो काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. माझे दात वाजत होते. आणि त्या आवाजात माझे बाबा बोलू लागले. ओरडून नाही. ओठांनी. इतके दिवस जो माणूस मामांच्या कानात ओरडून ओरडून दमला होता तो सावकाश, मजेत बोलत होता आणि मामा उत्तर देत होते. मग पलीकडचा बोलू लागला, त्याच्या पलीकडचा. अख्खी ओळ. हात उडत होते, मिशांवरून बोटं फिरत होती, कोणी तरी मास्तरची नक्कल केली असावी कारण सगळे एकदम हसले. मिल बंद झाली त्या दिवशी अर्धवट राहिलेली बोलणी ते पुरी करत होते असं मला वाटलं. त्या खात्यात सगळ्यांत जास्त मामा बोलत होते. मी रडले, सरळच सांगते. मामी तर केव्हापासून रडत होती.

साहेबांनी माईक हातात घेऊन भाषण केलं. त्याचा एक शब्द कोणाला ऐकू आला नाही, आणि साचेवाले आपल्या गप्पांत असल्यामुळे कोणी पाहिलाही नाही. भाषण संपवून साहेब साच्यापाशी आले. फोटोवाले पुढे सरसावले. कॅमेऱ्याकडे हसून पाहत साहेब शेजारच्या अधिकाऱ्याशी काही तरी बोलले. तोंडावर हात धरायची त्यांना काय गरज? स्वतःचं भाषण जिथे कोणाला ऐकू गेलं नाही तिथे कुजबूज कोण ऐकणार? साहेब सगळा महाराष्ट्र फिरलेले, पण ज्या खोलीत प्रत्येक माणूस ओठ वाचतो अशा खोलीत ते पहिल्यांदाच बोलत होते.

पूर्ण ओळीचे हात हवेत थांबले.

साहेब म्हणाले होते, "फोटो झाले की बंद करा." किंवा म्हणाले होते, "फोटो झाले की मंद करा." बंद म्हणजे बंद. मंद म्हणजे साहेबांना आवाज सोसवत नसेल, जरा हळू चालवा म्हणाले असतील, त्यात काय. ओठांवर दोन्ही एकच. एका अक्षरावर सगळी चाळ लटकली होती. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं, कारण ओठ वाचण्यात त्यांच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. बाबांनी हातानं विचारलं, काय म्हणे?

मामांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा ओळीकडे, एकदा भिंतीशी बसलेल्या मामीकडे. आणि उत्तर दिलं. बिनआवाजी. त्यांचे ओठ मिटलेले आणि उघडलेले मला इतक्या लांबून दिसले. ओळीतल्या प्रत्येकाला ते दिसले आणि प्रत्येकाला आपापलं उत्तर मिळालं. काहींनी मान डोलवून कामाला हात घातला. काहींनी हात पुसले.

फोटो झाले. थोड्या वेळानं जनरेटर थांबला आणि साचे थांबले. अधिकारी म्हणाले, लाइटचं कनेक्शन आलं की कळवू. गाड्या गेल्या. इतकी शांतता झाली होती की बाहेरचं कबुतर ऐकू येत होतं आणि तरी काही जण त्या शांततेत अजून नुसते ओठच हलवत होते. बाबांना राहवलं नाही. ते मामांपुढे जाऊन ओरडले, "सांग ना बे! बंद म्हने का मंद?"

मामांनी त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं. "एकच शब्द दोन डाव काहून म्हनून राह्यला?" ते म्हणाले.

बाबा हसायला लागले. हसत हसत साच्याच्या कडेला टेकले आणि मग बराच वेळ मान वर केली नाही. मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरायला उठले तर मामा खाकी घालून गेटकडे निघालेले. हातात डबा. मी मामीच्या दारात गेले.

"मामी, काल घरी आल्यावर त्यांना विचारलं नाही का, साहेब काय म्हणाले ते?"

"इचारलं ना."

"मग?"

"मंग काय? सांगतलं त्याईनं. मोठी गोष्ट, त बिनआवाजी." मामीनं स्वतःचे ओठ मिटले आणि उघडले. "हे असं. आता याच्यात मले काय दिसाव?"

"पुन्हा विचारायचं."

"पुन्हा तेच दिसलं असतं." ती चुलीपुढची राख सारखी करत राहिली. "म्या डबा भरून देल्ला. चालू असन त खातीन, बंद असन त आनतीन वापस. मले इचाराचं काम नाई अन् त्याईले सांगाचं काम नाई."

आमच्या ओसरीतून मिलचं गेट दिसतं. मी दिवसभर पाहत होते, आई पाहत होती, मामीही निवडण-टिपण घेऊन तिथेच बसली होती. गेटला कुलूप होतं. मामा कडुनिंबाखाली आमच्याकडे पाठ करून बसले होते, उन्हाबरोबर सरकत. पाळी सुटायच्या वेळेला ते उठले, खाकी झटकली आणि इतर दिवसांपेक्षा जरा दमल्यासारखे चालत घरी आले. डबा मामीच्या हातात दिला.

मामीनं तो माझ्यासमोर उघडला. आत काही नव्हतं. भाकरीचा तुकडासुद्धा नाही. तिनं तो घासला, पालथा घातला, आणि सकाळच्या डब्यातल्या भाजीसाठी बरबटीचे, म्हणजे चवळीचे, दाणे भिजू घातले.